झगेवाल्या बायांचा पिक्चर

नदीपलीकडचा दवाखाना,
९ फेब्रुवारी १९९७

श्री. मन्सूर शेख,
व्हिडिओ हॉल, एटापल्ली यांस,

नमस्कार. आपला परिचय नाही. मी सिस्टर लिसी. नदीपलीकडे आमच्या संस्थेचा दवाखाना आहे. तेथील बाळंतपणाचे काम गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहे. माझी मातृभाषा मल्याळम, मराठी मी पुस्तकावरून शिकले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपण सध्या बाजाराच्या दिवशी एक इटालियन सिनेमा दाखवत आहात. त्यात मठातील भगिनींना सैतान झपाटतो आणि त्या ओरडत, ओरबाडत फिरतात, असे कळले. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. परंतु परिणाम रोज पाहते आहे. गरोदर बाया तपासणीला येईनाशा झाल्या. रस्त्यात मुले मला पाहून कपाळाला बोटे लावतात आणि शिंगे करून दाखवतात.

हेही मी सोसले असते. पण सुकरी नावाची एक बाई आहे. तिचे मागचे मूल पायाकडून आले आणि घरीच गेले. ती स्वतः जेमतेम वाचली. आता पुन्हा तेच लक्षण आहे. ती माझ्याकडे नियमाने येत होती. आपला सिनेमा पाहिल्यापासून आलेली नाही. घरी निरोप पाठवला तर म्हणते, येणार नाही. अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात नेते म्हटले, तर तिथेही नाही.

तिला काही झाले तर जाब मी आपल्याला विचारणार. तो सिनेमा बंद करा. ही विनंती समजू नये.

सिस्टर लिसी


एटापल्ली,
१५ फेब्रुवारी

सिस्टरबाई, सलाम.

तुमचं पत्र जीपवाल्यानं आणून दिलं आणि वर म्हणाला, "मन्सूरभाऊ, सिस्टर लय तापून आहे, जरा पाणी पिऊनच वाच." मी चहा पिऊन वाचलं. तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला ब्रह्मपुरीचा मणियार. बाप गेला तेव्हा सायकल आणि बांगड्यांची पेटी, एवढंच मागं राहिलं. त्या सायकलीवर मी एकेक बाजार करत इथवर आलो. इथल्या माडिया आदिवासींची भाषा मला कोणी शिकवली नाही. बांगडी चढवताना हात पंधरा मिनिटं आपल्या हातात असतो. बाई दुखलं की बोलते, आणि एकदा बोलायला लागली की मग दुखण्यावर थांबत नाही. ऐकत गेलो, शिकत गेलो. पुढे टीव्ही घेतला, जनरेटर घेतला, पत्र्याचं शेड टाकलं. हॉल झाला.

हा पिक्चर हैदराबादहून कॅसेटच्या गठ्ठ्यात आला. भाषा इटलीची. माझ्या बापालाही यायची नाही. म्हणून मी टीव्हीशेजारी माईक घेऊन उभा राहतो आणि गोष्ट सांगतो, थोडी माडियात, थोडी आपल्या बोलीत. गोष्ट माझीच असते म्हणा ना. आणि माझ्या हॉलचा एक कायदा आहे: आत येताना तिकीट, बाहेर पडताना मत. मी दारात उभा राहतो. "कसा वाटला?" हे सांगितल्याशिवाय कोणाला सोडत नाही. त्यावरूनच पुढची कॅसेट मागवतो.

तर ऐका तुमच्या सैतानाबद्दल लोक काय म्हणतात. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनशी बापूराव म्हणाला, "रक्त पातळ आहे भाऊ. कुंकवाचं पाणी वाटते." एक म्हातारा पुजारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते भूत आहे तर त्याले कोणी विचारून काऊन नाई राह्यलं, बाबा तुले काय पाह्यजे? कोंबडा पाह्यजे का बकरा? सरळ पाणी फेकून राह्यले अंगावर. असं भूत जाते का?" एकाला वाईट वाटलं ते एवढंच, की एवढ्या मोठ्या दगडी घरात एक कुत्रं नाही. कुत्रं असतं तर सैतान दारातूनच परत गेला असता. आणि रंभा, जी हॉलसमोर मुरमुरे विकते, तिनं चार खेळ पाहिले. तिचं म्हणणं, "त्या झगेवालीले काही लागलं-बिगलं नाई. कोंडून ठेवलं म्हणून बोंबलते. मीबी बोंबलली असती."

यातला एक तरी माणूस तुम्हाला घाबरलेला दिसतो का? पोरं शिंगं करतात ती मलाही करतात, मी काही नन नाही.

आणखी एक, राग मानू नका. तुम्ही म्हणता बाया पिक्चरपासून येईनाशा झाल्या. माझ्या कानावर हे दिवाळीपासून आहे. तेव्हा ही कॅसेट हैदराबादलाच होती.

पिक्चर बंद होणार नाही. तुम्ही या. पहिल्या बाकावर बसवतो.

मन्सूर शेख


नदीपलीकडचा दवाखाना,
२१ फेब्रुवारी

श्री. मन्सूर शेख यांस,

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा संतापून. दुसऱ्यांदाही संतापूनच.

दिवाळीनंतर धानाची कापणी असते, बाया शेतात असतात, म्हणून त्या येत नव्हत्या. आता कापणी संपून किती दिवस झाले! तेव्हा तो मुद्दा आपण सोडून द्यावा.

आमच्या संस्थेच्या मोठ्या मदरना मी सर्व कळवले होते. त्यांनी आपल्या विरुद्ध पोलिसांत द्यायची तक्रार टाईप करून पाठवली आहे. धर्माचा अपमान, आदिवासींची दिशाभूल, असे बरेच त्यात आहे. माझी सही तेवढी बाकी आहे. सही करण्यापूर्वी एक विचारते. आपण प्रत्येकाचे मत घेता म्हणता. बापूरावांचे लिहिले, पुजाऱ्याचे लिहिले, कुत्र्याचेही लिहिले. सुकरीचे लिहिले नाही. तिने दारात आपल्याला काय सांगितले?

तिचा आठवा महिना संपत आला आहे. लवकर कळवावे.

सिस्टर लिसी


एटापल्ली,
२६ फेब्रुवारी

सिस्टरबाई,

सही करायची तर करा. ठाण्याच्या साहेबांनी कॅसेट मागितली तर त्यांनाही आधी पूर्ण पिक्चर बघावा लागेल आणि मत द्यावं लागेल. या शेडचा एकेक पत्रा मी स्वतः ठोकला आहे. टाईप केलेल्या कागदानं तो उडत नाही.

सुकरीचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्ही नव्या, लांबून आलेल्या, कष्ट करता, हे मला दिसतं. तुम्हाला लागेल म्हणून गिळलं. आता विचारलंच आहे तर घ्या.

पिक्चरमध्ये एक जागा आहे. त्या पोरीला लोखंडी पलंगावर निजवतात, पाय बांधतात आणि बाहेरून दाराला अडसर घालतात. बाकी सगळ्या पिक्चरभर बाया हसतात, मुरमुरे खातात. इथं हॉलमध्ये कोणी हलत नाही. पहिल्या खेळाला मी समजलो, सैतानाची भीती. सुकरी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "कसा वाटला?" ती म्हणाली, "हे तू कुठून आणलं? हा तर नदीपलीकडला पलंग आहे."

मी म्हटलं, नाही बाई, हे परदेशातलं आहे. ती म्हणे, "असू दे परदेशातला. जुन्या म्हाताऱ्या सिस्टरच्या येळेस आढ्याले दोर होता. बाई दोर धरे, उकिडवी बसे, सासू पाठीशी बसे. आता दोर काढला, लोखंडाचा पलंग आणला, पाय पट्ट्यानं बांधते, दाराले कडी लावते. माझी जाऊ तिथी गेली होती दिवाळीले. पोरगं झालं चांगलं. पण ती म्हणते, मरीन पण तिथी पुन्हा नाई जाणार. मीबी नाई जाणार."

तर असं आहे. पिक्चरनं तुमच्या बाया पळवल्या नाहीत. त्या आधीच गेल्या होत्या. कशामुळे गेल्या ते कोणाला सांगता येत नव्हतं, तो पलंग पाहून सांगता आलं, एवढाच माझ्या कॅसेटचा गुन्हा.

मन्सूर


नदीपलीकडचा दवाखाना,
२ मार्च

श्री. मन्सूर शेख,

ते टेबल आहे, पलंग नव्हे. मोठ्या शहरांतील प्रत्येक प्रसूतिगृहात तसेच असते. पट्टे असतात कारण ऐन वेळी बाईने पाय झाडला तर मुलाचे डोके अडकते. कडी लावते कारण मी आले त्या पहिल्याच महिन्यात एका सासूने पदराखालून चुलीतली राख आणून नाळेवर लावली. ते मूल आठवड्याने धनुर्वाताने गेले. माझ्या मांडीवर गेले. त्यानंतर मी कडी लावली. पुन्हा तसेच झाले तर पुन्हा लावीन.

बाळंतपणातले आपल्याला काय कळते? आपण बांगड्या भरल्या आहेत, मुले नव्हे बाहेर काढलेली.

येत्या बाजाराला मी येत आहे. सुकरी तिथे येते असे ऐकते. मला तिच्याशी बोलायचे आहे. तिकीट काढूनच बसेन, फुकट नको.

लिसी


एटापल्ली,
१० मार्च

सिस्टरबाई,

त्या दिवशी तुम्ही तडक जीपमध्ये जाऊन बसलात. म्हणून हे पत्र.

आधी कबूल करतो, माईक हातात घेऊन माझी जीभ अशी कधी सुकली नव्हती. पहिल्या बाकावर खरीखुरी झगेवाली, मागे पन्नास-साठ बाया, आणि कोणी पिक्चर पाहत नव्हतं. सगळ्या तुमच्या मानेकडे पाहत होत्या. मग ती मोठी नन वाटी आपटून डोळे फिरवते त्या जागेला मी नेहमीसारखं ओरडलो, "साऱ्या मठाची राख करीन!" आणि तुम्ही हसलात. साधं नाही, पोट धरून. मग सगळा हॉल हसला. रंभा तर म्हणाली, "हिले दात आहेत वो! मले वाटे सिस्टरायले देव हसू देत नाई."

दारात मी तुम्हाला कायद्याप्रमाणे विचारलं. तुम्ही म्हणालात, "या मठात स्वयंपाक कोण करतं? एवढ्या बाया, आणि चूल कुठेच नाही." खरं सांगतो, आजवरच्या मतांत हे पहिल्या नंबरचं.

मग सुकरी पुढे आली. पोट एवढं, डोक्यावर झाडूंचा भारा. आमच्याकडे मोठ्या-लहानाला 'तू'च म्हणतात, ते तुम्ही मनावर घेतलं नसेल. ती म्हणाली, "तू दाराले कडी काऊन लावते?" तुम्ही म्हणालात, "स्वच्छतेसाठी." ती म्हणाली, "मंग माझी सासू घाण आहे? मी घाण आहे? पाय बांधतात ते डुकराचे. कापाच्या आधी."

तुम्ही चालू लागलात. पोट धरून हसणाऱ्या बाईचं तोंड एवढ्या लवकर उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर सुकरी माझ्या बाकावर बसली, पाणी प्यायली. मी म्हटलं, "काय वो सुकरी, एवढं बोलायचं असते का? तुले मरायचं आहे का?" ती म्हणाली, "मले मरायचं नाई. मागच्या वेळेस मी मरून पाह्यलं. त्या सिस्टरचा हात चांगला आहे, मी नाई कुठी म्हणते? आढ्याले दोर बांधू दे. दार उघडं ठेवू दे. पाय माझे मोकळे. मंग येते. नाई तर माझं घर बरं."

तिनं हे तुम्हाला सांगा असं म्हटलं नाही. सांगू नको असंही म्हटलं नाही.

आणि हो, बापूराव म्हणाले, आता सिस्टर येऊन गेली, पिक्चर काढ, उगाच झंझट. मी म्हटलं, उलट आता तर चालवतोच.

मन्सूर


नदीपलीकडचा दवाखाना,
१६ मार्च

मन्सूरभाऊ,

मी हसले त्याचे कारण सांगते. आमची संस्था मूळ इटलीतली. मी दोन वर्षे तिकडे होते, भाषा मला येते. जिथे तुम्ही "साऱ्या मठाची राख करीन" ओरडलात, तिथे ती बिचारी नटी म्हणत होती, "रस्सा थंड झाला आहे आणि मीठही नाही." तुमची गोष्ट त्यांच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ बरी आहे. त्यांच्या गोष्टीत त्या मुलीला शेवटपर्यंत कोणी काही विचारतच नाही. तुमचा पुजारी बरोबर बोलला. सिनेमा वाईट आहे. पडदे हलतात तेव्हा मागचा पंखा दिसतो, आणि कोणतीही नन डोक्यावरचे कापड तसे बांधत नाही, पहिल्या वाऱ्याला उडून जाईल. माझे पूर्ण मत हे. मागितलेत म्हणून देते.

सुकरीचे बोलणे मी जीपमध्ये पुन्हा पुन्हा मनात आणले. राखेचे उत्तर माझ्याकडे होते. पायांचे नव्हते.

तक्रारीवर मी सही केली नाही. ती बिनसहीचीच परत पाठवली. मोठ्या मदरना लिहिले की दोष सिनेमाचा नाही, आपल्या खोलीचा आहे. टेबल देणगीतून आले, देणगीदार पाहायला येतील, त्यांना काय दाखवायचे, असे त्यांचे उत्तर आले. दोर दाखवू, असे मी लिहिले. त्यावर अजून काही आलेले नाही. चांगले येणार नाही हे मला माहीत आहे.

आढ्याला दोर बांधला. जुना सापडला नाही. नवा आणला, स्वतः लोंबकळून पाहिला. रोशनी, आमची नर्स, म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बाळंत होणार आहात की काय?" पट्टे काढले. दाराची कडी बिरजू सुताराकडून उखडूनच घेतली, म्हणजे कधी मन बदलले तरी लावता येऊ नये. टेबल मात्र तिथेच राहील. पायाकडून येणारे मूल शेवटच्या घडीला अडले तर मला ते लागेल, हे सुकरीला माहीत असले पाहिजे. मी खोटे सांगून तिला आत घेणार नाही.

माझीही अट आहे. जी कोणी आत येईल तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, आणि राख चुलीतच राहील. यावर घासाघीस नाही.

सांगाल का?

लिसी


एटापल्ली,
२३ मार्च

सिस्टरबाई,

नाही सांगितलं. मी बांगड्या विकल्या आहेत. दुकानदारानं माल चांगला म्हटला की गिऱ्हाईक उठून जातं. मी रंभेला म्हटलं, नदीपलीकडे मुरमुऱ्यांचा धंदा बरा होईल, जाऊन पाहा. ती गेली. दोर पाहिला, कडीच्या जागची भोकं पाहिली, रोशनीशी भांडून आली आणि बाजारात सुकरीच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. टेबलाचं सांगितलं, साबणाचं सांगितलं.

सुकरीची सासू भडकली. "मी हात धुवाचे? मी साती पोरं याच हातानं काढली." सुकरी झाडू बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग आठवं धुऊन काढ."

येते का म्हणून रंभेनं विचारलं, तर म्हणाली, "पाहीन." माडिया बाईचं 'पाहीन' म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांत मलाही कळलेलं नाही. दोर पक्का ठेवा.

पिक्चर चालूच आहे. त्या पलंगाच्या जागेला आता बाया ओरडतात, "कडी काढ, कडी काढ!" मला माईकवर काही बोलावंच लागत नाही.

मन्सूर


नदीपलीकडचा दवाखाना,
१७ एप्रिल

मन्सूरभाऊ,

उत्तर द्यायला उशीर झाला. कारणे दोन.

पहिले: सुकरी आली. उन्हातून चालत, सासू आणि जाऊ दोन्ही बाजूंना. दारात थांबली, चौकटीवरची भोके बोटाने चाचपली. मग सासूने तिच्या देखत हात धुतले, इतके घासून की रोशनीने साबण काढून घेतला. सुकरीने दोर धरला. दार सताड उघडे, बाहेर अंगणात अर्धे गाव. मला सवय नव्हती कोणी पाहत असण्याची.

ती फार वेळ दोराला धरून होती. मूल पायाकडूनच आले. खांद्यापर्यंत सुटले आणि डोके अडले. मी म्हटले, "सुकरी, आता टेबल." तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला उचलू शकले असते, रोशनीही होती. मी हात लावला नाही. ती म्हणाली, "पाय?" मी म्हटले, "तुझे तू धर. नाहीतर सासू धरेल." मग ती जावेच्या खांद्यावर भार देऊन स्वतः चढली. एक पाय सासूने धरला, एक जावेने. पट्टा कोणाला आठवलाही नाही. मुलगी आहे. आधी रडली नाही. मी तिला पालथी धरून पाठ चोळत राहिले, आणि अंगणातल्या सगळ्या बाया उंबऱ्यापर्यंत आल्या. मग रडली. सुकरी म्हणाली, "आवाज माझ्यावर गेला."

दुसरे कारण: माझी बदली झाली आहे. मोठ्या मदरनी कळवले की मी आज्ञा मोडली, तेव्हा महिनाअखेर संस्थेच्या शहरातल्या मुख्य मठात हजर व्हावे. इथे दुसरी सिस्टर येईल आणि कडी पुन्हा बसवली जाईल. आज्ञापालनाची शपथ मी घेतलेली आहे, ती मला कोणी आठवून द्यायला नको. सकाळ-संध्याकाळ मीच आठवते. तीन दिवस विचार केला. मग उत्तर लिहिले: शपथ मोडत नाही, पण दवाखानाही सोडत नाही. जी सिस्टर येईल तिने इथे उघड्या दारात, सासूंच्या समोर, माझ्यासोबत बाळंतपणे करावीत. ती तयार झाली, बाया तयार झाल्या, की मी निघेन. तोवर शिक्षा जी द्यायची ती इथल्या पत्त्यावर पाठवावी.

ते पत्र टाकायला आज सकाळी निघाले तर दारात दोन बाया. एकीने बातमी ऐकलेली होती. तिने विचारले, "तू कधी जाते?"

मी म्हटले, "तुझे होईपर्यंत तरी नाही."

ती म्हणाली, "मले तर आता तिसराच लागला."

मी म्हटले, "मग बस. हात धू."

लिसी